मुक्त उत्स्फूर्त संगीताच्या इतिहासाचे साधन : बॅरे फिलिप्स यांच्या कारकिर्दीचा एक अभ्यास

संगीताच्या इतिहासकाराने कोणत्या साधनांवर विसंबावे, हा प्रश्न प्रत्येक परंपरेत निराळ्या रीतीने उपस्थित होतो. युरोपीय अभिजात संगीताच्या अभ्यासकापुढे रचनाकाराची स्वरलिपी असते. प्रयोग सरला तरी कृती उरते. हिंदुस्थानी संगीतात लिखित कृतीला तितके महत्त्व नसले, तरी राग, ताल, बंदिश आणि घराण्याची तालीम ही परंपरेची अंगे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात उदयास आलेल्या मुक्त उत्स्फूर्त संगीतात यांपैकी कोणताच आधार नाही. वादक रंगमंचावर येतात तेव्हा स्वर, लय, क्रम किंवा कालमर्यादा यांविषयी काहीही ठरलेले नसते, आणि जे वाजते ते पुन्हा वाजवावयाचे नसते. अशा संगीताचे ध्वनिमुद्रण हेच इतिहासाचे जवळजवळ एकमेव प्रत्यक्ष साधन ठरते. या साधनाचे मोल कसे ठरवावे हा प्रस्तुत लेखाचा विषय असून, त्यासाठी अमेरिकन डबल बेसवादक बॅरे फिलिप्स (१९३४–२०२४) यांची कारकीर्द उदाहरणादाखल घेतली आहे.

प्रथम वाद्याचा विचार करणे इष्ट होईल. डबल बेस हे व्हायोलिनच्या जवळचे, माणसाहून उंच असे चार तारांचे वाद्य होय. ते जमिनीवर टेकवून, बहुधा उभ्याने, गजाने किंवा बोटांनी वाजविले जाते. त्याच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. वाद्यवृंदात या वाद्याकडे खर्जाचा पाया सांभाळण्याचे काम असे. जाझमध्ये ताल चालता ठेवणे आणि स्वरसंवादाचा मूळ स्वर दाखविणे एवढे त्याचे मुख्य कर्तव्य मानले जाई. तात्पर्य, ते साथीचे वाद्य होते. ज्या संगीतात साथ आणि प्रधान वादन हा भेदच नाहीसा व्हावयाचा होता, त्या संगीतात या वाद्याचे स्थान बदलणे अपरिहार्य होते.

फिलिप्स यांचा जन्म १९३४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. बर्कले येथील विद्यापीठात त्यांनी रोमान्स भाषांचा अभ्यास केला आणि १९६० च्या सुमारास संगीत हाच व्यवसाय पत्करला. १९६२ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथील पाच वर्षांत त्यांचा वावर दोन भिन्न क्षेत्रांत होता. १९६४ मध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने लॅरी ऑस्टिन यांची वाद्यवृंद व जाझवादक यांच्यासाठी लिहिलेली रचना सादर केली, तेव्हा एकल वादकांत फिलिप्स होते. १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात आर्ची शेप यांच्या नव्या वळणाच्या जाझलाही त्यांचीच साथ होती. जॉर्ज रसेल व जिमी ज्युफ्री यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम याच काळातले. लिखित रचनेत उत्स्फूर्ततेला किती वाव असावा, हा प्रश्न त्यांना या दोन्ही बाजूंनी परिचित झाला होता.

१९६७ मध्ये ते युरोपात आले व तेथेच राहिले. लंडनमध्ये त्या वेळी नवी चळवळ आकार घेत होती. एएमएम हा गट १९६५ मध्ये स्थापन झाला होता, आणि ‘लिटल थिएटर क्लब’मध्ये जॉन स्टीव्हन्स यांच्या ‘स्पॉन्टेनिअस म्यूझिक एन्सेंबल’भोवती डेरेक बेली, एव्हन पार्कर प्रभृती तरुण वादक जमत होते.

अशा वातावरणात नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स नॉर्लंड्स या चर्चमध्ये फिलिप्स यांनी एकट्याने केलेले वादन मुद्रित झाले. या मुद्रणाचा हेतू ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकन रचनाकार मॅक्स शूबेल यांना इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी डबल बेसचे ध्वनी कच्चा माल म्हणून हवे होते. फिलिप्स यांनी त्यांच्यासाठी उत्स्फूर्त वादन केले. ते ऐकल्यावर मात्र त्यावर कोणतीही प्रक्रिया न करता ते स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध करावे, असे शूबेल यांचे मत पडले. त्यानुसार ती ‘जर्नल व्हिओलोन’ या नावाने निघाली. इंग्लंड व फ्रान्स येथे तेच मुद्रण निराळ्या नावांनी प्रसिद्ध झाले. एकल डबल बेसच्या उत्स्फूर्त वादनाची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून तिचा सामान्यतः निर्देश केला जातो.

येथे साधनचिकित्सेचा प्रश्न उभा राहतो. जी ध्वनिमुद्रिका एका नव्या वाङ्मयप्रकारासारखी आरंभबिंदू मानली जाते, ती वादकाने ‘कृती’ म्हणून सिद्ध केलेली नव्हती. दुसऱ्याच्या कृतीसाठी जमविलेली ती सामग्री होती. तिचे साधनात रूपांतर झाले ते एका श्रोत्याच्या निर्णयामुळे. तो निर्णय झाला नसता तर वादन तेच राहिले असते. इतिहासात मात्र त्याची नोंद राहिली नसती. याचे उलट उदाहरणही उपलब्ध आहे. १९६३ ते १९६६ या काळात शेफील्ड येथे डेरेक बेली, टोनी ऑक्सली व डबल बेसवादक गॅविन ब्रायर्स हे तिघे ‘जोसेफ होलब्रुक’ या नावाने एकत्र वाजवीत होते. युरोपीय मुक्त वादनाच्या उगमाशी या त्रयीचे नाव नेहमी घेतले जाते. परंतु त्या वर्षांतील कामाचा जो नमुना प्रसिद्ध झाला, तो १९६५ मधील एका तालमीचा दहाएक मिनिटांचा अंश होय. तो १९९९ मध्ये बाहेर आला आणि त्याचा आधारही जॉन कोल्ट्रेन यांची रचनाच होती. म्हणजे ज्या मुक्त वादनासाठी त्रयीचे महत्त्व मानले जाते, त्याची साक्ष सहभागी वादकांच्या आठवणींतूनच घ्यावी लागते.

ब्रायर्स यांचा पुढील मार्ग फिलिप्स यांच्याहून अगदी भिन्न होता. त्यांनी १९६६ मध्ये उत्स्फूर्त वादन सोडले आणि ते रचनेकडे वळले. त्यांचा आक्षेप तात्त्विक होता. उत्स्फूर्त वादनात निर्माता आणि निर्मिती यांत अंतर राहत नाही. वादक स्वतः समोर उभा असल्याशिवाय संगीताला अस्तित्वच नसते, आणि ऐकणारा संगीताऐवजी माणसाकडे पाहू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. बेली यांनी उत्स्फूर्ततेवरील आपल्या १९८० च्या ग्रंथात हे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदविले आहे. हा आक्षेप सहज झटकता येण्याजोगा नाही. निर्मात्यापासून विलग होऊन टिकणे हे कलाकृतीचे लक्षण मानले, तर मुक्त वादनात कलाकृतीच नाही असे म्हणावे लागेल.

फिलिप्स यांनी या आक्षेपास ग्रंथरूपाने उत्तर दिले नाही. तथापि त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावात त्याचे उत्तर शोधता येते. ‘जर्नल’ म्हणजे दैनंदिनी. दैनंदिनीचे पान लिहिणाऱ्यापासून विलग होत नाही, तसा तिचा दावाही नसतो. त्या त्या दिवसाची नोंद एवढेच तिचे स्वरूप, आणि त्यातच तिचे मोल. हे नाव त्यांनी पुढेही वापरले. ‘जर्नल व्हिओलोन २’ या १९७९ मधील मुद्रणात जॉन सर्मन यांचे वादन व आयना केमानिस यांचा आवाज सोबतीला होता. ‘जर्नल व्हिओलोन ९’ २००१ मध्ये आले.

दैनंदिनीत इतरांची गाठभेट जशी येते, तशी ती या कारकिर्दीतही येते. १९७१ मध्ये फिलिप्स व डेव्ह हॉलंड यांनी केवळ दोन डबल बेसचे वादन मुद्रित केले. त्याच वर्षी चार डबल बेस व एक तालवादक अशा संचाचेही मुद्रण झाले. साथीचे म्हणून गणलेले वाद्य आपल्याच जातीच्या वाद्याशी संवाद करू लागले, ही घटना लहान नव्हे. घोडीजवळ गज ओढून निघणारे अनुस्वर, गजाच्या लाकडाचा तारेवरील आघात, वाद्याच्या खोक्यावरील थाप हे एरवी गौण मानलेले ध्वनी येथे अर्थवाहक झाले. मार्च १९७८ मध्ये मुद्रित झालेल्या ‘थ्री डे मून’मध्ये टेर्ये रिप्डाल यांची गिटार व डीटर फाइख्टनर यांचा सिंथेसायझर यांबरोबर तबला व तालवाद्ये वाजविणारे त्रिलोक गुर्टू हे मुंबईचे, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र. नव्वदीच्या दशकात पॉल ब्ले व एव्हन पार्कर यांच्यासमवेतची मुद्रणेही याच मालिकेत बसतात.

या नोंदी अनेक असल्या, तरी प्रत्यक्ष कार्याच्या मानाने त्या थोड्याच होत. सहा दशके वादन करणाऱ्या कलावंताच्या बहुसंख्य मैफली श्रोत्यांच्या स्मरणापलीकडे कोठेही राहिल्या नाहीत. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यावरून तासभर चालणाऱ्या ख्यालाच्या विस्ताराची कल्पना करताना अभ्यासक सावध राहतो. पण त्याला शिष्यपरंपरेतून पडताळा घेता येतो. मुक्त वादनाच्या इतिहासकारास रागाचाही पडताळा नाही. म्हणून ध्वनिमुद्रण हीच कृती असे धरून चालणे येथे अधिक धोक्याचे आहे.

१९७२ पासून फिलिप्स दक्षिण फ्रान्समधील प्युजे-व्हिल येथे सेंत-फिलोमेन या जुन्या प्रार्थनास्थळाच्या वास्तूत राहत होते. २०१४ मध्ये त्यांनी उत्स्फूर्त संगीतासाठी एक युरोपीय केंद्र स्थापन केले. वादकांनी एकत्र राहून वाजवावे व त्यावर विचारविनिमय करावा, असा त्यामागे उद्देश होता. मुद्रणाने जे जतन होत नाही ते सहवासाने पुढे द्यावयाचे, हा मार्ग तालमीच्या परंपरेस फारसा दूरचा नाही. मार्च २०१७ मध्ये त्यांनी आपले अखेरचे एकल वादन मुद्रित केले. पहिल्या एकल मुद्रिकेनंतर पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये ते ‘एंड टू एंड’ या नावाने प्रसिद्ध झाले. दैनंदिनी कोठे संपवावयाची हे त्यांनी स्वतः ठरविले. २८ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस येथे त्यांचे निधन झाले.

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मुक्त उत्स्फूर्त संगीतातील ‘पहिले’ या विशेषणाने पहिल्या वादनाचा नव्हे, तर पहिल्या प्रसिद्ध मुद्रणाचा बोध होतो. आणि असे मुद्रण घडून येण्यात योगायोगाचा व श्रोत्याच्या निर्णयाचा वाटा मोठा असतो. दुसरी, अशा मुद्रणाकडे दैनंदिनीच्या पानाप्रमाणे पाहिले, म्हणजे त्याची तारीख, स्थळ, निमित्त व सहभागी व्यक्ती यांसह ते वाचले, तर ब्रायर्स यांचा आक्षेप खोडून न काढताही या संगीताचा इतिहास लिहिणे शक्य होते. वादक आणि वादन अविभाज्य आहेत हे मान्य करूनच तो लिहावयाचा आहे. दोन पानांमधील कोऱ्या दिवसांची जाणीव ठेवणे, हे या क्षेत्रात इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.