गुणी भाषा मागे का पडते?

संगणकाला काम सांगायचे तर त्याला उमजेल अशी भाषा लागते. १९५७ साली आयबीएम कंपनीने आपल्या यंत्राबरोबर फोर्ट्रान ही भाषा दिली. १९६० साली युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांनी अल्गोल रचली. तिचे व्याकरण अधिक रेखीव. पण माहिती आत कशी घ्यावी, उत्तर बाहेर कसे छापावे, हे तिच्या नियमांत ठरवलेलेच नव्हते! जाते सुबक, पण वैरण घालायला तोंड नाही. मग दळण व्हायचं कसं? शिवाय फोर्ट्रानमध्ये लिहून झालेले काम टाकून कोण देणार? अल्गोल मागे पडली. पण तिची वळणे पुढे पास्कल आणि सी या भाषांत उतरली. तेव्हा गुरुजी, जिंकलेल्यांचा इतिहास शिकवाल तेव्हा या हरलेलीचे ऋणही मुलांना सांगा बरं का!