शल्य आणि सल

एखादं बोलणं वर्षानुवर्षं मनात सलतं. हा सल मूळचा रणांगणावरचा. संस्कृतात ‘शल्य’ म्हणजे बाणाचं टोक, भाला, काटा. प्राकृतात त्याचं ‘सल्ल’ झालं आणि मराठीत ‘सल’. शरीरात रुतलेलं हे टोक काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने मात्र शल्याची व्याप्ती वाढवली: शरीराला आणि मनालाही पीडा देणारं ते शल्य. सैनिकांच्या जखमा हाताळणाऱ्या त्याच्या ग्रंथात मनाची ही दखल मला फार मोलाची वाटते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात छावणीतल्या वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ उभारायला सांगितला आहे. जखमींना तो चटकन सापडावा म्हणून. त्वचेखाली दडलेलं टोक शोधायला थिजलेलं तूप किंवा चंदनाचा लेप लावत. जिथे तूप वितळेल, लेप वाळेल, तिथे शल्य. सैल टोकासाठी लोहचुंबक होता. हाडात घट्ट बसलेला बाण मात्र घोड्याच्या लगामाला बांधायचा आणि घोड्याला चाबूक मारायचा. त्याने मान झटक्यात वर केली की बाण उपसला जाई. नाहीतर झाडाची फांदी वाकवून तिला बांधायचा आणि फांदी सोडून द्यायची.