आधी कचऱ्याचं बोला

कॅलिफोर्निया एनर्जी कमिशनने आता पन्नाशी ओलांडली आहे. नव्या अणुवीज प्रकल्पांवर राज्यांनी बंदी घालावी का, हा वाद अमेरिकेत निघाला की या आयोगाचं नाव निघतंच. बंदी राबवणारी संस्था म्हणून तिच्यावर ‘अणुविरोधी’ असा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. ‘नाही’ म्हणताना पर्याय शोधण्याचं कामही तिने अंगावर घेतलं, आणि तिच्या वाटचालीतली मोलाची गोष्ट तीच आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विजेची मागणी दर दहा वर्षांनी दुप्पट होणार असं गृहीत धरलं जाई, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अणुभट्ट्यांची रांग उभी करायचे वीज कंपन्यांचे बेत होते. सॅन अँड्रियास भूभ्रंशाला खेटून असलेला बोडेगा हेडचा प्रकल्प १९६४ मध्ये गुंडाळावा लागला, तरी त्यांचा उत्साह कायम होता. चार्ल्स वॉरन आणि आल्फ्रेड अल्क्विस्ट या लोकप्रतिनिधींनी वीजनियोजनासाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचं विधेयक आणलं. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी १९७३ मध्ये ते फेटाळलं. मग तेलसंकट आलं आणि १९७४ मध्ये रेगन यांनीच त्यावर सही केली. पुढच्या वर्षी पाच सदस्यांचा आयोग कामाला लागला.

१९७६ च्या जूनमध्ये अणुप्रकल्पांवर कडक निर्बंध घालणाऱ्या प्रस्तावावर जनमत घेतलं गेलं. मतदारांनी तो नाकारला. पण मतदानाच्या तोंडावरच विधिमंडळाने सौम्य कायदे केले होते आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ते मंजूर केले होते. त्यांतली मुख्य अट साधी होती : जळून झालेल्या अणुइंधनाची कायमची विल्हेवाट लावणारं, सिद्ध झालेलं आणि केंद्राने मान्य केलेलं तंत्र आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढेपर्यंत नव्या प्रकल्पाला परवानगी नाही. १९७८ च्या सुरुवातीला आयोगाने चौकशीअंती सांगितलं, असं तंत्र अजून नाही. वाळवंटातल्या सनडेझर्ट प्रकल्पाला सूट द्यायला विधिमंडळही राजी झालं नाही आणि तो प्रकल्प तिथेच संपला.

कंपन्या कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, अणुसुरक्षा हा केंद्राचा अधिकार, राज्याने त्यात हात घालू नये. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने कौल दिला. किरणोत्सर्गाची सुरक्षितता केंद्राकडेच. पण कचऱ्याची सोय न झाल्यास खर्च किती वाढेल, भट्टी मध्येच बंद ठेवावी लागेल का, हे आर्थिक प्रश्न राज्याने विचारायचे. आपल्याकडे अणुऊर्जा संघसूचीत आहे. जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा वाद कितीही पेटला तरी महाराष्ट्राच्या विधानसभेला असा कायदा करण्याची मुभा नाही.

नुसत्या निकालाने दिवे लागत नाहीत. आयोगाने वीज वाचवण्याची मानकं आणली, आणि सुरुवातीलाच हात घातला तो घरातल्या फ्रिजला. तेव्हाचा नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिटं खाई. कॅलिफोर्नियाने त्यावर मर्यादा घातली, पुढे देशानेही घातली, आणि २००१ च्या मानकापर्यंत हाच आकडा पाचशेच्या आसपास आला. इमारतींसाठीही १९७८ मध्ये नियम आले. या कामामागे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांचा अभ्यास होता. ते पुढे आयोगाचे सदस्यही झाले. राज्यातला दरडोई वीजवापर नंतरची कित्येक दशकं जवळपास जागच्या जागी राहिला. बंदीचं समर्थन करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग आधी वाचावा.

राज्यातली जुनी अणुवीज केंद्रं हळूहळू बंद होत गेली. रँचो सेको १९८९ मध्ये स्थानिक मतदारांनी बंद केलं, सॅन ओनोफ्रे २०१३ मध्ये कायमचं थांबलं. उरलं डायब्लो कॅन्यन. तेही २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं; पण ऑगस्ट २०२० च्या उष्णतेच्या लाटेत वीजकपात करावी लागली, आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने या केंद्राची मुदत २०३० पर्यंत वाढवण्याची वाट मोकळी केली. २०२३ मध्ये आयोगानेही ही वीज लागेल असा निर्वाळा दिला. वस्तुस्थिती बदलल्यावर आपलं मत बदलायला धैर्य लागतं. आयोगाने ते दाखवलं याचा मला आदर वाटतो.

दरम्यान विस्कॉन्सिन, केंटकी, मोंटाना, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांनी आपापली बंदी उठवली. हवामानबदलाच्या काळात कार्बनविरहित वीज नाकारायची कशी, हा त्यांच्या बाजूचा सवाल रास्त आहे. पण कचऱ्याच्या अटीचं काय? कायमच्या साठवणीसाठी नेवाडातल्या युक्का माउंटनची एकच जागा तपासायची, असं १९८७ मध्ये ठरलं. तिथे आजवर वापरलेलं इंधन पोचलेलं नाही. डायब्लो कॅन्यनच्या आवारात ते पोलाद-काँक्रीटच्या, सुमारे वीस फूट उंच पिंपांत भरून ठेवलं आहे. भूकंपात उलटू नयेत म्हणून ही पिंपं खालच्या काँक्रीटच्या ओट्याला बोल्टांनी जखडलेली आहेत. तात्पुरती सोय म्हणून ती उत्तम आहे. पण कायद्याने मागितली होती कायमची सोय.

बंदी उठवायची असेल तर खुशाल उठवावी, पण आयोगाने नव्याने जाहीर सुनावणी घेऊन, कचऱ्याचा ठावठिकाणा सांगून. ते होत नाही तोवर १९७८ चा निष्कर्ष बरोबर आहे, आणि कॅलिफोर्नियाने तो सोडू नये.