तळटीप १४ : ‘गदरवाले’

१४. ‘गदरवाले’ : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या हिंदी लोकांच्या सशस्त्र क्रांतिसंघटनेचे सभासद. स्थापना १९१३. अध्यक्ष सोहनसिंग भकना, चिटणीस लाला हरदयाळ. ऑरेगॉनकडच्या लाकूडगिरण्यांत राबणारे पंजाबी कामगार हा हिचा कणा. त्यांत इंग्रजांच्या पलटणीत नोकरी करून आलेलेही बरेच. ‘गदर’ (बंड) हे साप्ताहिक सॅन फ्रान्सिस्कोहून १ नोव्हेंबर १९१३ पासून आधी उर्दूत, लगोलग गुरुमुखीत निघू लागले. महायुद्ध पेटताच शेकडो जण बोटींनी मायदेशी परतले आणि पुष्कळांना उतरताच अटक झाली. पलटणींच्या उठावासाठी २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला होता. फितुरीचा वास आल्यावर तो १९ वर आणला, पण तीही बातमी सरकारला लागलीच.

मजकुरातले ‘तळेगावकर’ म्हणजे विष्णू गणेश पिंगळे. गाव तळेगाव ढमढेरे (जि. पुणे), दाभाडे नव्हे. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेले, १९१४ अखेर परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठला घोडदळाच्या लाइनीत बाँबसह पकडले गेले; १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा व इतर पाच जणांसोबत त्यांना फाशी झाली. लेखक या साऱ्याला ‘पंजाब्यांचा कट’ म्हणतो, ते अपुरे आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही आरंभापासून यात होते. पुढे ते मेक्सिकोत शेतकीचे प्राध्यापक झाले.