दीड इंचाची उंची आणि गाडीचे ठाण

#धागा

१९७४ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडणारी एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार एकाएकी दीड इंचाने उंच झाली. १७९८ सीसीचे इंजिन तेच होते, पत्र्याची घडणही बहुतांशी १९६२ सालचीच होती. मात्र क्रोमच्या चकचकीत बंपरांच्या जागी काळे, जाडजूड बंपर आले होते आणि चाके व मडगार्ड यांच्यामध्ये पूर्वी न दिसणारी पोकळी दिसू लागली होती. जाणकारांना ती पोकळी बंपरांहून अधिक खटकली.

या बदलाचे कारण अ‍ॅबिंग्डनमध्ये नव्हते, वॉशिंग्टनमध्ये होते. अमेरिकेच्या संघराज्य सुरक्षा मानकांपैकी २१५ क्रमांकाचे मानक १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाले. ताशी ५ मैल वेगाने समोरून धडक बसली तरी दिवे आणि सुरक्षेचे इतर भाग शाबूत राहावेत, अशी त्याची अट होती. पुढे तीत उंचीची भर पडली: जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात लंबकाने दिलेला आघात बंपरने झेलला पाहिजे. एमजीबी मुळातच ठेंगणी गाडी. तिचा बंपर त्या पट्ट्यात नेण्याचा सरळ मार्ग म्हणजे नवे शरीर रेखाटणे. त्यासाठी ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता. मग आहे तीच गाडी वर उचलण्यात आली. पुढे सस्पेन्शन धरणारा आडवा सांगाडा बदलला, मागे पाट्यांच्या स्प्रिंगांची कमान वाढवली. बंपरांना सारे जग ‘रबर बंपर’ म्हणते. प्रत्यक्षात ते पोलादी गाभ्यावर चढवलेले पॉलियुरेथेन होते.

त्याच सुमारास उघड्या टपाच्या एमजीबीवरील पुढचा अँटी-रोल बार मूळ यादीतून वगळण्यात आला. वळणावर गाडीचे अंग एका बाजूला झुकू न देणारा हा पोलादी दांडा. म्हणजे गाडी उंच केली आणि झुकण्याला अडवणारा भागही त्याच वेळी काढून घेतला. असा निर्णय एखाद्या अभियंत्याने मनापासून घेतला असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. तो हिशेबाच्या वहीतून आलेला दिसतो.

दीड इंच म्हणजे दोन बोटांची रुंदी. एवढ्याने काय बिघडते?

मराठीत ‘ठाण’ असा एक नेमका शब्द आहे. शिल्पातील मूर्ती कशी उभी आहे, पैलवानाने पाय किती फाकवले आहेत, वजन कुठे तोलले आहे, हे सारे त्या एका शब्दात येते. मोटारींच्या जगात ज्याला ‘स्टान्स’ म्हणतात ते हेच. त्याचे दोन घटक आहेत: अंगाची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर. या दुसऱ्या घटकाला तांत्रिक भाषेत ‘ट्रॅक’ म्हणतात. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांनी मातीत उमटवलेल्या जोडरेषांना ‘चाकोरी’ म्हणतात, आणि ट्रॅक म्हणजे त्या दोन रेषांमधील अंतर. आज हा शब्द केवळ ‘चाकोरीबाहेरचे’ या वाक्प्रचारापुरता उरला आहे, ही गोष्ट वेगळी.

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार उचलला जाऊन बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गुरुत्वमध्याची उंची भागिले चाकोरीची रुंदी या गुणोत्तरावर ठरते. टायरची पकड मात्र भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीहून कमीच वाढते. त्यामुळे बाहेरचे चाक जेवढे कमावते त्याहून आतले चाक अधिक गमावते, आणि चारही चाकांची मिळून पकड घटते. उंच आणि अरुंद गाडी वळणावर लवकर हार मानते ती याच कारणाने.

एमजीबीची चाकोरी सुमारे ४९ इंच होती. गुरुत्वमध्य समजा २० इंचांवर धरला, तर दीड इंच चढल्याने हे गुणोत्तर साडेसात टक्क्यांनी बिघडते. ते पूर्ववत करण्यासाठी चाकोरी जवळजवळ पावणेचार इंचांनी रुंद करावी लागेल, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ४७ मिलिमीटर. इतके बाहेर आलेले चाक एमजीबीच्या मडगार्डखाली मावणारच नाही. दीड इंच चढायला सोपे होते. त्याची भरपाई आडव्या दिशेने करणे अशक्य होते.

रुंदी विकता येते, हा शोध त्याआधी पंधरा वर्षे डेट्रॉइटमध्ये लागला होता. जनरल मोटर्सचा पॉन्टिअ‍ॅक हा विभाग १९५६ मध्ये सेमन ‘बंकी’ नुडसन यांच्या हाती आला, तेव्हा पॉन्टिअ‍ॅक ही वयस्कांची गाडी मानली जात असे. १९५९ सालासाठी आखलेली नवी शरीरे चांगलीच रुंद होती. खालचा सांगाडा मात्र जुन्याच रुंदीचा. रुंद खांद्यांच्या माणसाने चिमुकले बूट घातल्यासारखी ती गाडी दिसत होती. नुडसन यांनी चाके सुमारे पाच इंचांनी बाहेर सरकवण्याचा निर्णय घेतला. हेतू मुख्यतः रूपाचा होता. स्थैर्य त्याबरोबर आपसूक आले.

मग त्या पाच इंचांचे नाव झाले: ‘वाइड-ट्रॅक’. आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या चित्रकारांनी पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिराती रंगवल्या, आणि त्यांत मुळात रुंद झालेली गाडी आणखी रुंद दाखवली. छायाचित्राला जे जमले नसते ते कुंचल्याने केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी पॉन्टिअ‍ॅक अमेरिकेतील विक्रीत तिसऱ्या स्थानावर पोहोचली. त्या यशाला इतरही कारणे होती, पण चाकांमधील अंतर हा सर्वसामान्य ग्राहकाच्या बोलण्यातला विषय झाला तो इथून.

युरोपातील स्पोर्ट्‌स कार तेव्हाही अरुंद चाकोरीवरच धावत होत्या. १९६१ मध्ये जिनिव्हात अवतरलेल्या जॅग्वार ई-टाइपची चाकोरी केवळ ५० इंच आहे. माल्कम सेयर यांनी रेखाटलेले ते देखणे शरीर चाकांवर झुलत्या पडद्यासारखे ओघळते. अशा गाड्यांच्या मालकांना चाके थोडी बाहेर ओढून घेण्याचा मोह झाला, तर नवल नाही. त्या मोहाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्पेसर.

स्पेसर ही हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. जाडी काही मिलिमीटरपासून इंचभरापर्यंत. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरच्या चकत्या घातल्या की चाकोरी ४० मिलिमीटरने रुंदावते. पातळ चकती मूळ स्टडवरच चढते, पण मग नटाला धरायला आटे कमी उरतात. लांब स्टड न बसवता हे करणे म्हणजे चाक नशिबावर सोडणे. जाड चकती हबला वेगळी आवळली जाते आणि तिच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसते. ती हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर अचूक बसली नाही, तर चाक नेमके मध्यावर येत नाही आणि वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते. तारांच्या आऱ्यांची, मधल्या एकाच मोठ्या नटाने बसणारी चाके मात्र या प्रयोगातून सुटली. दातेरी हबवर सरकणाऱ्या चाकाआड अशी साधी चकती घालता येत नाही.

खरी किंमत नजरेआड चुकवावी लागते. चाक जितके बाहेर, तितकी तरफ लांब आणि तितका बेअरिंगवरचा पीळ अधिक. पुढच्या चाकांचे तर आणखी नाजूक असते. स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष जमिनीला जिथे भिडतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधील अंतर कारखान्याने विचारपूर्वक ठरवलेले असते. स्पेसर ते वाढवतो. मग ब्रेक दाबताना एक चाक ओल्या डांबरावर आणि दुसरे कोरड्यावर असेल, तर स्टिअरिंग हातातून ओढले जाते. उभ्या गाडीचे ठाण सुधारते. धावत्या गाडीचे सुधारतेच असे नाही.

याचा अर्थ स्पेसर हा केवळ हौशी बाजाराचा माल आहे, असा नव्हे. पोर्शे ९११ चा इतिहास पाहावा. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला प्रथम दाखवलेल्या या गाडीचे इंजिन मागच्या अक्षाच्याही पलीकडे लोंबते. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग पुढे धाव घेऊ पाही. सुरुवातीच्या काही वर्षांत कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन टोकांत प्रत्येकी ११ किलोची वजने लपवली. जर्मन अभियांत्रिकीची कीर्ती लक्षात घेता हा उपाय काहीसा आपल्या मिस्त्रींच्या वळणाचा होता.

कायमचा इलाज १९६९ च्या मॉडेलात झाला: इंजिन जागीच ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली, आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या बसवून तोल साधला. त्यानंतर रुंदीची पाळी आली. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसला सादर झालेल्या कॅरेरा आरएस २.७ ला पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची चाके होती आणि मागचे मडगार्ड फुगवलेले होते. पुढच्या-मागच्या चाकांत असा फरक ठेवणे तेव्हा नवलाचे होते. कारण सरळ होते: मागे भार अधिक, तर मागेच पकड अधिक हवी. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या बनवणे भाग होते. मागणी इतकी आली की १,५८० बनल्या. तिच्याच शर्यती रूपाने, म्हणजे आरएसआरने, १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि सिसिलीच्या डोंगरातील टार्गा फ्लोरिओ या दोन्ही जिंकल्या.

पुढे ९११ टर्बोच्या काही आवृत्त्यांत पोर्शेनेच चाकांमागे अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर घालून दिले. मात्र त्यांची जाडी, स्टडची लांबी, मडगार्डची फुगवटी आणि सस्पेन्शन हे सारे एकत्र आखलेले होते. बाजारातून आणलेली चकती एकटीच येते.

जर्मनीत असा बदल अधिकृत तपासणीत मान्य करून घ्यावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

एमजीबीचे दुखणे अ‍ॅबिंग्डनने दोन वर्षे अंगावर काढले. ऑगस्ट १९७६ मध्ये पुढे अधिक जाड अँटी-रोल बार आला आणि मागेही एक नवा बसवला गेला. झुकणे आटोक्यात आले. उंची तशीच राहिली. अमेरिकी गाड्यांवर धूर-नियमांमुळे दोनऐवजी एकच कार्ब्युरेटर उरला होता, त्यामुळे वळणावर घाई करण्याची संधीही कमीच मिळत असे. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद पडला. तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या होत्या. १९८२ मध्ये अमेरिकेने बंपरच्या मानकातील वेग ताशी ५ मैलांवरून अडीच मैलांवर आणला.

आज रबर बंपरची एमजीबी विकत घेणारे अनेक जण सर्वप्रथम तिला खाली बसवतात. पुढे जुन्या गाडीचा आडवा सांगाडा किंवा आखूड स्प्रिंग. मागे अक्ष आणि पाट्यांची स्प्रिंग यांच्यामध्ये धातूचा एक ठोकळा. त्याची जाडी बहुधा दीड इंचाच्या आसपास असते.