कोळसा, खनिज आणि वारा

वडनेर भोलजीच्या काळ्या रानात राबणाऱ्याला लोखंडाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पेरणीच्या तोंडावर वखराची पास लोहाराकडे पाजवायला नेली, की भात्याचा वारा आणि विस्तवाचा रंग यांचे नाते पोरासोरांनाही कळते. लोखंड आणि वाफ यांच्या इतिहासात शिरायला एवढी शिदोरी मला पुरेशी वाटते.

कारण हा इतिहास मुळात जळणाचा आणि वाऱ्याचा आहे. इंग्लंडात १७०९ साली अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेलला लोणारी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळले. यात त्याच्या चिकाटीइतकाच वाटा तिथल्या कमी गंधकाच्या दगडी कोळशाचा होता, आणि त्याचे श्रेय त्या कोळशाला क्वचितच मिळते. कोक आला, भट्ट्या वाढल्या, त्यांना वारा अधिक लागू लागला. पण पाणचक्कीवरचे भाते ओढ्याचे पाणी आटले की थांबत. १७७६ मध्ये बोल्टन आणि वॅट यांचे वाफेचे इंजिन जॉन विल्किन्सनच्या झोतभट्टीला वारा देऊ लागले. त्या इंजिनांना लागणारे सिलिंडर अचूक कोरण्याची युक्तीही विल्किन्सनचीच.

पुढे वाफ रुळांवरून आपल्या दाराशी आली. मलकापूर, नांदुऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, तो तिथल्या कापसाच्या बाजारासाठी.

वऱ्हाडातून कापूस जाई आणि रूळ विलायतेतून येत. म्हणून विदर्भाला लोखंड गाळणे ठाऊक नव्हते असे कुणी समजू नये. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची आहे. ज्यांनी ती पेटवली त्यांची नावे आपल्याकडे नाहीत. मळी आणि भट्टीच्या विटा आहेत, आणि अभ्यासकाला त्या पुष्कळ काही सांगतात.

नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांनी १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजावरचा फॉन श्वार्त्झ यांचा अहवाल वाचला. खनिज उत्तम होते, वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीही फार दूर नव्हत्या. पण त्या कोळशाचा भट्टीजोगा कोक होईना. डार्बीचे प्रकरण वाचताना वाचकाने वरोऱ्याचा हा कोळसा शेजारी ठेवावा, एवढी विनंती.