ओळंब्याबाहेरची भिंत

बारावीच्या विद्यार्थ्याला कूलोम हे नाव विचारले, तर तो लगेच दोन विद्युतप्रभारांमधील बलाचा नियम म्हणून दाखवील. तो नियम १७८५ सालचा. त्याच्या बारा वर्षे आधी, १७७३ मध्ये, याच शार्ल कूलोमने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला होता. त्यात विजेचा संबंधही नव्हता. विषय होता तुळया, खांब, कमानी आणि मातीचा भराव अडवून धरणाऱ्या भिंती. अशा भिंतीला बांधकामावरची माणसे रिटेनिंग वॉल म्हणतात, पुस्तकी मराठीत ती धारक भिंत. आम्ही तिला सरळ आधारभिंत म्हणू.

कूलोम हा मूळचा लष्करी अभियंता. ब्रिटिशांनी १७६२ साली जिंकलेले मार्टिनिक हे कॅरिबियन बेट पुढच्याच वर्षी तहाने फ्रान्सला परत मिळाले आणि तेथे नवा किल्ला बांधण्यासाठी १७६४ मध्ये कूलोमची रवानगी झाली. आठ वर्षे तो तेथे होता आणि प्रकृती गमावून १७७२ मध्ये परतला. डोंगरउतारावर किल्ला म्हणजे मातीचे भराव आणि ते अडवणाऱ्या भिंती आल्याच. आधीच्या पिढ्यांजवळ वोबाँ या नामांकित दुर्गशिल्पीची कोष्टके होती: एवढी उंची असेल तर एवढी जाडी, आणि बाहेरच्या अंगाला पाचास एक असा कल, म्हणजे पाच फूट चढताना भिंत एक फूट मागे जाणार. कोष्टके चांगली होती, पण ती तशी का, हे त्यांत नव्हते.

कूलोमची युक्ती अशी. भिंत किंचित पुढे सरली तर तिच्यामागच्या मातीचा एक पाचरीसारखा तुकडा एखाद्या तिरप्या पातळीवरून घसरू पाहील. पातळी फार उभी धरली तर पाचर बारीक, म्हणून जोर कमी. फार आडवी धरली तर पाचर मोठी, पण घर्षणच तिला रोखते. मधल्या कोणत्या तरी पातळीवर भिंतीवरचा जोर सर्वांत जास्त येईल. ती पातळी शोधायची आणि भिंत तेवढ्या जोरासाठी बांधायची. बारावीच्या वर्गात कमाल आणि किमान मूल्यांची जी गणिते आपण पेटीच्या घनफळावर सोडवून घेतो, तेच हे गणित. हे टिपण आपण मुळात स्वतःच्या कामापुरते केले होते, असे कूलोमने निबंधात म्हटले आहे.

त्याचे उत्तर साध्या स्थितीत असे येते. माती कोरडी, वरून सपाट आणि तिचा घर्षणकोन ३० अंश असेल, तर भिंतीवरचा आडवा दाब त्या खोलीवरील उभ्या दाबाच्या एकतृतीयांश असतो. दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून भिंतीची उंची दुप्पट केली की मातीची ढकल चौपट होते. ही ढकल तळापासून एकतृतीयांश उंचीवर लागते, म्हणून भिंत उलथवणारे परिबल (बल गुणिले अंतर) आठपट होते. हा आठाचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

गणित न करणारी माणसे अशा भिंती रचत होतीच. कोकणातला गडगा किंवा घाटमाथ्यावरच्या शेतांची ताल पाहावी. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड ठेवलेला आणि फटीत कपच्या ठोकलेल्या. पाया रुंद, माथा निमुळता, आणि ताल असेल तर तिचे बाहेरचे अंग मातीकडे झुकलेले. घराची भिंत बांधताना गवंडी ओळंबा सोडतो आणि दोरीपासून भिंत जराही सरली तर ती पाडायला लावतो. ताल रचणारा मात भिंत मुद्दामच ओळंब्याबाहेर ठेवतो. यात किती फायदा आहे, हे खऱ्या भिंतींवर मोजून पाहणारा एक माणूस १८३४ साली आयर्लंडमध्ये निघाला.

जॉन बर्गॉइन हाही लष्करी अभियंताच. त्या वेळी तो आयर्लंडच्या सार्वजनिक बांधकाम मंडळाचा प्रमुख होता. किंग्जटाउन (आजचे डन लेरी) येथे त्याने ग्रॅनाइटच्या दगडांच्या चार भिंती बांधवल्या, दगडांमध्ये चुना न घालता. प्रत्येक भिंत २० फूट उंच आणि २० फूट लांब. प्रत्येकीची सरासरी जाडी ३ फूट ४ इंच, म्हणजे चारही भिंतींत दगड सारखाच. फरक होता तो केवळ आकारात. पहिली भिंत सर्वत्र सारख्या जाडीची, पण संपूर्ण मागे, भरावाकडे, पाचास एक कललेली. दुसरीची पाठ उभी आणि बाहेरचे अंग तसेच कललेले. तिसरी याच्या उलट, म्हणजे तोंड अगदी ओळंब्यात आणि पाठ तिरपी, त्यामुळे तळाशी जाड. चौथी सरळ उभी, आयताकृती. मग मागे माती भरत नेली.

भराव सुमारे १७ फुटांवर आला तेव्हा तिसरी आणि चौथी भिंत कोसळली. पहिली आणि दुसरी पूर्ण भरावानंतरही उभ्या राहिल्या.

हा निकाल वर्गात पाच मिनिटांत काढता येतो. भिंत उलथते ती बाहेरच्या तळकडेभोवती. तिला धरून ठेवते तिचे वजन, गुणिले त्या कडेपासून गुरुत्वमध्याचे आडवे अंतर. चारही भिंतींचे वजन एकच, तेव्हा केवळ अंतरे पाहिली की पुरे. चौथीत ते जाडीच्या निम्मे, म्हणजे २० इंच. पहिलीचा माथा ४ फूट मागे गेलेला, म्हणून तिचा गुरुत्वमध्य २ फुटांनी मागे सरतो: २० अधिक २४, म्हणजे ४४ इंच. दुसरी व तिसरी माथ्याशी १६ इंच व तळाशी ६४ इंच जाडीच्या. समलंब चौकोनाच्या गुरुत्वमध्याचे सूत्र वापरले, तर दुसरीचे अंतर सुमारे ४१½ इंच येते आणि तिसरीचे अवघे २२½. ४४ आणि ४१½ टिकल्या, २२½ आणि २० पडल्या. तिसरीच्या तिरप्या पाठीवर थोडी माती बसते आणि तिचे वजन मदतीला येते, तरीही ती वाचली नाही. दगड तेवढाच, मजुरी जवळपास तेवढीच, पण कल कोणत्या अंगाला दिला यावर सगळे ठरले.

बर्गॉइनने हा वृत्तांत छापला तो १८५३ मध्ये, एकोणीस वर्षांनी, आणि तोही लष्करी अभियंत्यांच्या निबंधसंग्रहात. २००० सालच्या सुमारास ब्रिटनमधील संशोधकांनी या चार भिंती संगणकावर पुन्हा ‘बांधून’ पाहिल्या, कारण रस्त्यांकडेच्या जुन्या दगडी भिंती तपासायला इतकी चांगली मोजमापे दुसरीकडे सहज मिळत नव्हती. स्थितिकीच्या शालेय पुस्तकात हा प्रयोग कधीच यायला हवा होता, असे आम्हांला वाटते. टेकलेल्या शिडीचे तेच ते गणित किती वर्षे सोडवायचे?

आता ठोकळ्यांकडे. एकावर एक नुसते रचून भिंत उभी करायचे काँक्रीटचे तयार ठोकळे अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात बाजारात आले. त्यांची रचना करणाऱ्यांपुढचा प्रश्न ताल रचणाऱ्याच्या प्रश्नाच्या उलट होता. ताल रचणारा प्रत्येक दगड नजरेने पारखतो आणि कल हाताने देतो. येथे ठोकळे सगळे सारखे, रचणारा कदाचित नवखा, आणि कल मात्र बिनचूक यायला हवा. मग तो ठोकळ्यातच घालून ठेवायचा. एक उपाय असा की ठोकळ्याच्या मागच्या कडेला खाली एक ओठ काढायचा. वरचा ठोकळा ठेवून पुढे ओढला की ओठ खालच्या ठोकळ्याच्या पाठीला अडतो. समजा ठोकळा २० सेंटिमीटर उंच व ३० सेंटिमीटर खोल आहे आणि ओठ २ सेंटिमीटर जाड. मग प्रत्येक थर खालच्यापेक्षा २ सेंटिमीटर मागे बसतो आणि भिंतीला दहास एक असा कल मिळतो, ओळंबा न सोडता. तोच ओठ ठोकळ्याला पुढे घसरू देत नाही.

दोन सेंटिमीटरने काय होते? एक मीटर उंचीची, म्हणजे पाच थरांची भिंत घेऊ. एक मीटर लांबीत तिचे वजन सुमारे ६६० किलोग्रॅम. माती घनमीटरला १८०० किलोग्रॅम धरली तर तिची ढकल ३०० किलोग्रॅम, तळापासून ३३ सेंटिमीटरवर, म्हणजे उलथवणारे परिबल १०० किलोग्रॅम-मीटर. ठोकळे उभ्या रेषेत रचले तर धरून ठेवणारे परिबल ६६० गुणिले ०.१५, म्हणजे ९९. भिंत पडण्याच्या बेतात! ओठामुळे सर्वांत वरचा थर ८ सेंटिमीटर मागे जातो, गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर मागे सरतो आणि ९९ चे सुमारे १२५ होतात. भिंत आणि माती यांच्यातील घर्षण आपण सोडून दिले आहे, ते धरले तर स्थिती आणखी बरी दिसते.

पण दोन मीटर उंचीला हीच भिंत चालत नाही. आठाचा आकडा येथे लागतो: उलथवणारे परिबल ८०० होते आणि दहा थरांना धरून ठेवणारे जेमतेम ३२० येते. तेव्हा ठोकळा मोठा करत जाण्यापेक्षा मागची मातीच बांधून घ्यावी, ही कल्पना आली. आँरी व्हिदाल या फ्रेंच अभियंत्याने मातीच्या थरांत पट्ट्या घालून मातीलाच भिंत बनवण्याची रीत शोधली व १९६३ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज ठोकळ्यांच्या थरांमध्ये प्लास्टिकची मजबूत जाळी अडकवून ती मागे भरावात दूरवर पसरतात. वरच्या मातीच्या वजनाने जाळी जागच्या जागी राहते, आणि पुढचे ठोकळे त्या मातीचा नुसता चेहरा उरतात.

इथवरचा सगळा हिशेब कोरड्या मातीचा झाला. तीन मीटर भिंतीवर कोरड्या मातीची ढकल मीटरला सुमारे २.७ टन. मागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले तर मातीचा वाटा, ती पाण्यात हलकी झाल्याने, दीड टनावर येतो, पण पाणी स्वतः साडेचार टनांनी ढकलते, कारण पाण्याला घर्षण नाही आणि एकतृतीयांशाची सूटही नाही. एकूण सहा टन. सांधे न भरलेल्या तालीतून पाणी आपोआप झिरपते. सिमेंटने लिंपलेल्या भिंतीत ते कोंडते. म्हणून ठोकळ्यांच्या मागे फूटभर रुंदीचा खडीचा थर आणि तळाशी भोकांचा पाइप घालायला सांगतात, आणि काम उरकताना नेमके हेच गाळले जाते, कारण ते नंतर दिसत नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला पावसात भिंत कोसळून पायथ्याच्या झोपड्यांतील १५ जण गेले. तीनच दिवसांनी मालाडला दुसरी भिंत वस्तीवर कोसळून वीसहून अधिक माणसे दगावली. दोन्ही वेळा रात्र होती आणि लोक झोपेत होते.

उतारावरच्या शाळेमागे अशी भिंत असतेच. पावसाळ्याआधी मुलांना घेऊन ती पाहावी. ओळंबा सोडून कल मातीकडे आहे की मैदानाकडे ते बघावे, मध्यावर पोट सुटले आहे का ते पाहावे, पाणी निघण्याची भोके चिखलाने किंवा झाडाच्या मुळांनी बुजली आहेत का ते काडी घालून तपासावे. नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी कल वाढला का ते कळेल. भिंत बाहेर झुकलेली असेल तर तिच्या पायथ्याशी वर्ग भरवू नये आणि मुख्याध्यापकांनी ते लेखी कळवावे.

बर्गॉइनच्या भिंती वर्गातही करता येतात. काचेची एक बाजू असलेली पेटी, लाकडी ठोकळे आणि कोरडी वाळू पुरे. ठोकळे आधी उभ्या रेषेत रचा, मग प्रत्येक थर थोडा मागे घेऊन रचा, आणि वाळू किती उंचीवर आल्यावर पडझड होते ते मोजा. वाळू मात्र उन्हात वाळवून घ्यावी. ओलसर वाळू भिंतीशिवायही उभी राहते, आणि मग मुले विचारतात की पाण्याने माती बळकट होते, तर पावसात भिंत पडते कशी. त्यांना पेटीतच पाणी ओतू द्यावे, हळूहळू, वाळूच्या माथ्यावर पाणी दिसेपर्यंत.